शेवटची खाच

नवजात बाळांच्या रक्तातल्या जंतूंमध्ये जीवघेणं जनुक आहे का, हे प्रयोगशाळेतल्या बाई तपासत. जेलीच्या पातळ थरात ओळीने खाचा पाडायच्या, एकेका खाचेत एकेका बाळाचा नमुना सोडायचा. निळ्या दिव्याखाली खाचेपुढे रेघ चमकली, की त्या बाळाची आशा सोडायची.

हल्ली पडताळणीसाठी मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या शेवटच्या खाचेपुढेही रेघ चमकायची. दुसऱ्या दिवशी वरच्या प्रसूतिकक्षातून नव्या बाळाचा नमुना यायचा. त्यातही तीच रेघ.

"हात नीट धुता ना, बाई?" साहेब खेकसले. बाईंनी सगळं घासूनपुसून पाहिलं. रेघ काही हटेना.

आज बाईंची लेकच वर बाळंत होत होती. बाईंनी खाचा पाडायच्या कंगव्याचा शेवटचा दात चिमट्याने मोडून टाकला. रिकामी खाचच नको!

नमुने सोडून झाले, तोच फोन वाजला.

"आई, मुलगी झाली!" जावयाला हसू आवरेना. "कशी खणखणीत रडतेय, ऐका!"

फोन कानाशी धरूनच बाईंनी निळा दिवा लावला. कडेला, जिथे खाच नव्हतीच, तिथे रेघ उमटत होती.

नात रडत होती, आणि तिच्या प्रत्येक टाहोबरोबर रेघ ठळक होत होती.