निर्मळ विहीर

“वैजे, आधी रिकामं पारडं बघ, मग माल टाक,” बाजारात भाजी विकणारी आत्या लहानपणी सांगायची.

वैजयंताने रिकामं पारडं बघितलं ते थेट पीएचडीच्या चौथ्या वर्षी. नमुन्याच्या बाटलीत नुसतं शुद्ध पाणी भरून तपासलं, तर एका गावच्या विहिरीच्या पाण्यात तिला सापडलेलं विष त्यातही तेवढंच निघालं. विष विहिरीत नव्हतंच; बाटल्यांच्या रबरी बुचांतून झिरपत होतं. सगळं संशोधन मातीमोल होईल, म्हणून तिने तो निकाल दडवला.

आज तिचे मार्गदर्शक सर पेढे घेऊन आले. “अगं, प्रबंध छापायला टाक! तुझा निकाल ऐकून गावाने विहीर बुजवायला घेतली. बायका पाण्यासाठी कोसभर चालतील, पण जीव तर वाचले!”

तिने हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

“थांबवा त्यांना, सर!” ती रडत म्हणाली. “ती विहीर निर्मळ आहे. मला दोन महिन्यांपासून ठाऊक आहे.”