सरपंचबाईंची हरकत नाही

“आई, तू यात कुठेच दिसत नाहीस,” प्रणिता म्हणाली.

दहावीच्या राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिनं आपल्याच गावच्या ग्रामसभेचा व्हिडिओ इंटरनेटवर शोधून काढला होता. गावची सरपंच तिची आई होती, म्हणून तिला फार हौस.

द्वारका भाकरी थापायची थांबली आणि पिठाच्या हातांनीच मोबाइलवर वाकली. व्हिडिओत सरपंचाच्या खुर्चीत तिचा नवरा बसला होता. सभा रद्द झाली, असं त्यानंच तिला सांगितलं होतं.

“सरपंचबाई आजारी आहेत,” व्हिडिओत तो म्हणत होता. “पण शाळेजवळच्या दारूच्या दुकानाला त्यांची हरकत नाही.”

मागे बायकांचा गलका उठला. हे दुकान होऊ देणार नाही, असा शब्द द्वारकानं बचत गटातल्या याच बायकांना दिला होता. महिनाभर त्या आपल्याशी का बोलत नाहीत, हे तिला आत्ता कळलं.

नवरा जेवायला आला, तेव्हा तिनं विचारलं, “मी आजारी कधी होते हो?”

त्याची नजर मोबाइलवर गेली. “तुला त्यातलं काय कळतं? सगळं मीच निस्तरतो ना?” मग त्याचा आवाज उतरला. “गटात काही बोलू नकोस. गावात माझी अब्रू जाईल.”

द्वारकानं हात धुतले, पायांत चपला सरकवल्या आणि लेकीला मोबाइल घेऊन चलायला सांगितलं.

“माझी तुम्ही त्या सभेतच घालवलीत,” एवढंच ती म्हणाली आणि बायकांच्या घरांकडे चालू लागली.