आमच्या मालकीचे

आजेसासऱ्यांचा खोकला सासऱ्यांकडे आला, सासऱ्यांचा यजमानांकडे. यजमान श्रोत्यांत बसले होते त्या एका मैफिलीच्या विकत मिळणाऱ्या कॅसेटमध्ये, गाणे सुरू होण्यापूर्वीच्या शांततेत, तो स्पष्ट ऐकू येतो. "कंपनी माझा खोकला विकते आहे. देणं लागते मला," असे यजमान शेवटपर्यंत म्हणत.

त्यांच्यामागे त्यांचा तेवढाच आवाज उरला. कॅसेट झिजू लागली, म्हणून मोबाईलवर उतरवून घेण्यासाठी मी ती स्टुडिओत नेली.

"कॅसेट तुमची असली, तरी गाण्याचे हक्क कंपनीचे आहेत हो आजी. गाणं उतरवून नाही देता येणार," स्टुडिओवाला म्हणाला.

"गाणं त्यांचं त्यांना राहू दे. आमचं असेल तेवढं द्या."



घरी येऊन मोबाईल लावला. यजमान दोनदा खोकले आणि गाणे सुरू होण्याआधी थांबले. कंपनीकडचे यजमानांचे येणे पुरते फिटले.