बापूसाहेबांची टाळी

गाणं संपलं, पण कुणीही टाळी वाजवली नाही.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे मात्र मंचावरच्या गायिकेकडे नव्हते, पहिल्या रांगेतल्या बापूसाहेब वकिलांच्या हातांकडे लागले होते. आणि ते हात मांडीवर निवांत पडले होते.

व्हिएन्नाचा छोटा वाद्यवृंद पहिल्यांदाच अमरावतीला आला होता. सोबत हेडविग नावाची गायिका आणि एक गायक होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, त्यांच्याकडची गाणी. काही गाण्यांची मिळून एक मालिका, आणि ती पुरी होईपर्यंत मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत, अशी त्यांची रीत. संगीत मंडळाचे अध्यक्ष म्हणून बापूसाहेबांनी ती आधीच सांगून टाकली, आणि वकीलच ते, तिला स्वतःची पोटकलमंही जोडली. वाहवा नको. वन्समोअर तर बिलकूल नको. मी टाळी वाजवली की मगच तुम्ही वाजवा.

मालिका दणक्यात संपणार, याची बापूसाहेबांना खात्री होती. आपल्याकडे साधं भजनसुद्धा शेवटी लय चढवल्याशिवाय संपत नाही. हे गाणं मात्र हळू हळू होत कुठे विरून गेलं ते कळलंच नाही. अजून एखादं असेल, म्हणून ते बसून राहिले. ते बसले म्हणून गावही बसलं. हेडविगबाई त्या शांततेपुढे वाकल्या, क्षणभर थांबल्या आणि भराभर आत निघून गेल्या. मध्यंतराचा पडदा पडला.

जरा वेळानं अनुपमा विंगेतून आली. ही बापूसाहेबांची सून. कॉलेजात इंग्रजी शिकवायची, म्हणून पाहुण्यांची सरबराई तिच्याकडे होती.

"मामंजी, बाई रडताहेत."

"का? चहा पोचला नाही?"

"घशाच्या दुखण्यानं दोन वर्षं गाणं बंद होतं त्यांचं. या दौऱ्यात पहिल्यांदाच उभ्या राहिल्या. म्हणतात, माझा आवाज गेलाय. बाकीच्या गावांनी भिडेखातर सांगितलं नाही, या गावानं सांगितलं. आता पुढे गाणार नाहीत म्हणे."

"अगं, पण गाणं संपलं कुठे होतं?"

"संपलं होतं, मामंजी."

बापूसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. टाळ्यांचं त्यांना काही नव्हतं. पण आपल्या ऐटीपायी एका चांगल्या गळ्याला धास्ती बसली, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. "त्यांना पडद्याशी उभं कर," ते म्हणाले. "गाऊ नका म्हणावं. नुसतं ऐका."

ते पडद्यापुढे आले. अमरावतीच्या कोर्टात त्यांनी कधी चूक कबूल केली नव्हती.

"मंडळी, मघाचं गाणं संपलं होतं. मलाच कळलं नाही. चूक माझी. बाईंना वाटतंय, आपल्याला आवडलं नाही."

मागून त्यांचे हिवरखेडचे पक्षकार किसनराव उभे राहिले. "आवडलं नाई? मंग आमी काय पंखे मोजाले बसलो व्हतो काय, वकीलसाहेब? तुमीच तं हात बांधून ठेवले आमचे!"

सभागृह खो खो हसलं. बापूसाहेबही हसले आणि त्यांनी दोन्ही हात उंच करून टाळी वाजवली. मग जे सुरू झालं ते थांबेना. वा, बहोत अच्छे, पुन्हा वा! कुणीतरी शीळही घातली, ती बापूसाहेबांनी ऐकलीच नाही. पडदा सरकला तेव्हा हेडविगबाई हातात रुमाल घेऊन उभ्या होत्या. अनुपमा त्यांच्या कानात काहीतरी सांगत होती.

त्या गायल्या. पहिलाच लांब, उंच सूर लागला आणि अर्धं सभागृह "वा!" करून उठलं. वाद्यवृंदाचे संचालक दचकले, त्यांच्या हातातली काडी हवेतच थांबली. बाईंनी मात्र तो सूर आणखी लांबवला. वादकांची त्यांना गाठताना तारांबळ उडाली. गाणं संपलं, तेव्हा पहिला "वन्समोअर!" पहिल्या रांगेतूनच आला. सगळं गाव बापूसाहेबांकडे बघून हसलं.

तेच गाणं दोनदा झालं. कार्यक्रम संपला तरी माणसं हलेनात. वादक पेट्या बंद करू लागले. संचालकांनी बाईंना घड्याळ दाखवलं, बडनेऱ्याहून मुंबईची गाडी धरायची होती. मग त्यांनी काळजीनं स्वतःच्या गळ्याला हात लावून पुरे, अशी खूण केली. बाई कोड्यात पडल्यासारख्या मधेच उभ्या राहिल्या.

"गाडी तं रोजच जाते, बाई!" किसनराव ओरडले.

बाईंनी अनुपमाकडे पाहिलं. अनुपमानं हसत हसत ते इंग्रजीत सांगितलं. हेडविगबाई मोठ्यानं हसल्या आणि संचालकांना त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. ते काय, हे अनुपमालाही कळलं नाही.

सगळ्यांत म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्यानं मान हलवली आणि बंद केलेली पेटी पुन्हा उघडली.