ओळ तुटू नये म्हणून

सलग चौथ्या तासाला गॅरेजवाल्याचा आवाज फाटला. तो खाकरला आणि ग्रंथसाहेबांची पुढची ओळ वाचू लागला. अक्षरं डोळ्यांपुढे नाचत होती.

अठ्ठेचाळीस तासांच्या अखंड पाठाचे सदतीस तास झाले होते. या देशात शीख मुळात मूठभर, शहरात तर नऊच घरं. ग्रंथाची लिपी वाचणारे पाच. त्यातले दोघे दरड कोसळल्याने घाटात अडकले होते. गॅरेजवाल्याची आई तापाने फणफणून पडद्यापलीकडे पडली होती. नर्स असलेली बहीण ड्यूटीवर. तिला सुटायला अजून दीड तास होता.

टायरच्या दुकानावरची ही खोली म्हणजे त्यांचा गुरुद्वारा. बावीस वर्षांत इथला पाठ कधी तुटला नव्हता. वीस वर्षं तो वडिलांनीच सांभाळला. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. ती परत येण्याची आशा डॉक्टरांनी सोडली होती.

"दम धर, बाळा," चवरी ढाळणारा म्हातारा शिंपी कुजबुजला. "मीच बसलो असतो रे, पण या लिपीपुढे मी ठार अडाणी."

तेवढ्यात भिंतीशी बसलेले वडील उठले. पाय ओढत आले आणि मुलाशेजारी बसले. धीर द्यायला आले असतील, असं त्याला वाटलं.

रीत अशी, की नवा वाचक त्याच ओळीत आवाज मिसळतो, मगच जुना थांबतो.

गॅरेजवाल्याला ओळीत दुसरा आवाज ऐकू आला. त्याने शिंप्याकडे पाहिलं. शिंप्याने आ वासला होता. आवाज खरखरीत होता, संथ होता, पण वीस वर्षं घोटलेलं एकेक अक्षर स्वच्छ. वडिलांचं डावं बोट ओळीवरून सरकत होतं. मुलगा हळूहळू गप्प झाला. पाठ चालू राहिला.

दीड तास वडील वाचत राहिले. मग बहीण आली. दारातच थबकली. भानावर येऊन हात धुतले, डोकं झाकलं आणि वडिलांच्या आवाजात आपला आवाज मिसळला.

मुलाने वडिलांना धरून पडद्यापलीकडे नेलं. "बाबा, मला हाक मारा ना. एकदाच!"

वडिलांचे ओठ थरथरले. शब्द आला नाही. डोळे मात्र भरून आले.

आई अंथरुणावर उठून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ओढणीने नवऱ्याचे डोळे पुसत ती मुलाला म्हणाली, "राहू दे रे. हाकेसाठी दोन वर्षं मी रांगेत उभी आहे. आज रांग हलली, एवढं बास."