कॅरमचा पाचवा गडी

महेंद्रने स्ट्रायकर लावला, नेम धरला, आणि मान जराशी मागे वळवून पुटपुटला, "गप बस ना यार."

बोर्डावर पावडर टाकायला निघालेला शंकररावांचा हात हवेतच थांबला. "कोणाला म्हणालास?"

मागे पार्किंगचा खांब होता आणि हेमंतची रिक्षा होती. हेमंत स्वतः बोर्डापाशी बसला होता, आणि रिक्षा काही बोलली नव्हती.

"कोणाला नाही, काका. असंच."

"असंच कसं? मघापासून बघतोय. मारायच्या आधी मागे बघतोस, कुजबुजतोस, मग मारतोस. राणीपण तशीच घेतलीस. कोण सांगतंय तुला?"

खरवईच्या त्या इमारतीत नियम असे कोणी पाळत नसे. ओला कचरा सुक्यात जायचा, गाड्या एकमेकींच्या जागी लागायच्या. पण संध्याकाळच्या कॅरमला एक नियम होता आणि तो शंकररावांनी घातलेला होता. बघ्यांनी बघावं, बोलू नये. मागच्या महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी नुसतं "काळी बसेल" म्हणाले, तर त्यांना खुर्चीवरून उठवून गेटपर्यंत पोचवलं होतं.

"ब्लूटूथ असेल," हेमंत म्हणाला. "आजकाल सगळे कानात घालून फिरतात."

शंकररावांनी उठून, मोबाइलचा टॉर्च लावून महेंद्रचे दोन्ही कान तपासले. कान रिकामे निघाले.

महेंद्रने स्ट्रायकर खाली ठेवला. अंबरनाथच्या चाळीतही अशीच सुरुवात झाली होती. तिथे कळल्यावर कोणी भांडलं नाही, कोणी हाकललं नाही. "आज खेळ नाही रे," एवढंच म्हणायचे, आणि बंद दाराआडून सोंगट्यांची टकटक ऐकू यायची. इथे राहायला आल्यावर त्याच्या बहिणीने, यशोधराने, बजावलं होतं, "दादा, इथे कोणाला काही सांगू नकोस." आज चौथा गडी गावाला गेला म्हणून दौलतरावांनी त्याला हाक मारली, तीही नावाने. त्याला इथून उठायचं नव्हतं. पण खोटं बोलायचं तर आधी ते सुचायला हवं, आणि डोक्यात दुसराच कोणी बडबडत असताना माणसाला काय सुचणार?

"मला आवाज ऐकू येतो," तो म्हणाला. "आजार आहे. गोळ्या चालू आहेत. आता पुष्कळ कमी आहे, पण मधूनमधून बोलतो."

हेमंतने आपल्या रिक्षाकडे एकदा वळून पाहिलं. महेंद्र उठला आणि चपला घालू लागला.

"म्हणजे सांगतंय कोणीतरी," शंकरराव म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

"अहो, तो आजारी आहे म्हणतोय." दौलतराव महेंद्रचे पार्टनर होते आणि बोर्ड जिंकत आले होते.

"असेल. मला शुगर आहे, मी कधी सांगत बसलो? नियम तो नियम. काय सांगतो रे तो? कोणती मारायची ते?"

"नाही काका. तुला जमणार नाही, तू फुकट आहेस, घरी जा. असलंच."

"आमचा फोरमन!" दौलतराव म्हणाले. "अख्खी नोकरी हेच ऐकलं मी. त्याने काय नेम सुधारतो होय?"

शंकररावांनी डोळे मिटून विचार केला. न्यायाधीश व्हायचं राहून गेलेला माणूस तो, अशी संधी सोडणार नव्हता. "ठीक आहे. त्याने बघायला आपली ना नाही. पण बोलला की ड्यू. तुमची एक सोंगटी परत बोर्डावर."

"आणि तो बोलला ते आपल्याला कळणार कसं?" हेमंतने विचारलं.

"हा सांगेल की. हा खोटं बोलत नाही, आत्ताच बघितलं ना? बस रे खाली."

महेंद्रने चपला काढल्या.

आणि मग दौलतरावांच्या हातातोंडाशी आलेला घास जायला लागला. महेंद्र नेम धरायचा, थांबायचा आणि इमानदारीत म्हणायचा, "बोलला." एक सोंगटी बोर्डावर. थोड्या वेळाने पुन्हा, "बोलला." आणखी एक. दौलतरावांनी डोळे वटारून पाहिलं, बोर्डाखालून पायाने पाय दाबला, पण हा हरिश्चंद्राचा अवतार काही ऐकेना. शेवटी हेमंतने उरलेली सोंगटी घातली आणि रिक्षाचा हॉर्न वाजवून सगळ्या इमारतीला निकाल कळवला.

महेंद्रला हरल्याचं फार वाईट वाटलं. चौघांत बसून हरल्याचं वाईट वाटून किती वर्षं झाली होती, हे आठवून त्याला हसू आलं.

"हसतोस काय?" दौलतराव लालबुंद झाले होते. "उद्या येताना त्याला घरी ठेवून ये."

"तो ऐकत नाही हो, काका."

"मग दोघेपण या," दौलतराव हाताची पावडर झटकत म्हणाले. "पण उद्या तुम्ही दोघे शंकररावांकडून."