थांबत नसलेल्या पॅसेंजरचं गाणं

केंटकीतल्या आमच्या जुन्या स्टेशनासमोर त्या संध्याकाळी खुर्च्या दोनशे चौदा होत्या, माइक चार आणि थेट प्रक्षेपण करणारी रेडिओची गाडी एक. इथे पॅसेंजर थांबायची बंद झाली त्याला पन्नास वर्षं झाली, तरी तिच्या आठवणीतलं गाणं ऐकायला सगळा गाव जमला होता. गाणं लिहिलं व्हर्नाने. डॅरेल ते स्वतःचं म्हणून गायचा.

"निदान आज तरी माझं नाव घे," व्हर्ना सकाळी त्याला म्हणाली.

"अगं बाई, तू कोळशाची मालगाडी हाकतेस. तू गाणं लिहिलंस हे कुणाला पटेल?" तो हसला. "सहाला रेडिओ लाव आणि इंजिनात बसून ऐक."

"नक्की सहाला ना?"

"घड्याळ लावून घे!"

सहाला डॅरेलने पहिला सूर लावला, आणि मंचामागच्या रुळांवरून व्हर्नाची गाडी आली: एकशे दहा डबे, बैलगाडीच्या चालीने, फाटकाच्या नियमाप्रमाणे भोंगा देत.



गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं होतं. अख्खी गाडी मंचामागून निघून जायला चार मिनिटं तेरा सेकंद लागले.